म्हाळसाबाईंची हाक

भोपाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळ झाली होती, पण दिसत नव्हती. जानेवारीचे धुके फलाटाच्या पत्र्यांना टेकले होते. माणसे आधी ऐकू येत आणि मग दिसत.

मी एका चरित्रासाठी आलो होतो. मुलांसाठी लहान चरित्रांची एक माला निघते आहे. त्यातल्या प्रत्येक पुस्तकाची सुरुवात जन्मगावाने न करता एका घटनेने करायची, आणि बाकी सगळे विसरले तरी मुलाला ती आठवली पाहिजे, असा प्रकाशकांचा आग्रह आहे. माझ्या वाट्याला म्हाळसाबाई आल्या. पेशवाईच्या उत्तरकाळात भोपाळ दरबारी मराठ्यांचा जो वकील (दूत) होता, त्याची ही पत्नी. विधवा झाल्यावर ती देशी परतली नाही. मोठ्या तलावावर तिने एक घाट बांधला आणि उतारूंसाठी अन्नछत्र चालवले.

घटना मी निवडून ठेवली होती. अशाच एका पहाटे वकील पलीकडच्या काठावरून नावेने परत येत होते. धुक्यात नाव भरकटली. काठावरचे लोक बाईंना म्हणाले, हाक मारा, तुमचा आवाज ते ओळखतील. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून बाई तोंड मिटून उभ्या राहिल्या, आणि नाव बुडाली. गेल्या शतकात छापलेल्या दोन-तीन गौरवलेखांत हे असेच येते. माझे पहिले वाक्य तयार होते: ‘नवरा बुडत होता, तरी तिने त्याचे नाव घेतले नाही.’ मी वृत्तपत्रात संपादन करत होतो तेव्हा अशा वाक्यातला एक शब्दही आम्ही बदलला नसता. आता फक्त घाट पाहायचा आणि वंशजांना भेटायचे राहिले होते.

स्टेशनबाहेर पोहे-जिलेबी खाल्ली. गाडीवाला “को खाँ” (काय राव, अशा अर्थाची इथली हाक) म्हणत पोह्यांवर मूठभर शेव टाकत होता. मी शेव कमी मागितली, तेव्हा तब्येत बरी नाही का, असे त्याने विचारले. सिटी बस पिपलानीतून गेली. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीतली एकसारखी घरे धुक्यात एकेक करून येत होती आणि जात होती. आनंद नगरला उतरलो.

म्हाळसाबाईंच्या घराण्यातले अण्णा याच कारखान्यात फोरमन होते. घराणे केव्हाच महाराष्ट्रात परतलेले होते, पण नोकरीने अण्णांना पुन्हा याच गावी आणले. निवृत्तीनंतर वसाहतीतले क्वार्टर सोडून त्यांनी आनंद नगरात घर बांधले. आता त्यांची स्मृती गेली आहे. मफलर गुंडाळून ते व्हरांड्यात बसले होते. मी नमस्कार केला, त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

त्यांच्या पत्नी सुमतीकाकूंनी चहा आणला. चहात चिमूटभर मीठ होते. भोपाळी सुलेमानी चहाची ही रीत त्यांच्या स्वयंपाकघरात केव्हा शिरली ते त्यांनाही आठवत नव्हते. मी त्यांना माझे पहिले वाक्य वाचून दाखवले. त्या खूश होतील अशी माझी अपेक्षा होती.

काकूंनी कप खाली ठेवला. लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य आपण ऐकत आलो आहोत, असे त्या म्हणाल्या. वसाहतीतल्या शाळेत त्यांना शिक्षिकेची जागा मिळत होती. ती हवी आहे असे त्यांनी सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, म्हाळसाबाईंनी नवऱ्याच्या जिवासाठीसुद्धा तोंड उघडलं नाही, आणि तू नोकरीसाठी उघडतेस? त्यांच्या सासूला तिच्या सासूने हेच ऐकवले होते. घरातल्या प्रत्येक सुनेसाठी हे एक वाक्य पुरले.

“आता तुम्ही ते पुस्तकात घालणार,” काकू म्हणाल्या. “माझी नात वाचणार. तिच्या शाळेतल्या मुली वाचणार. म्हणजे आमच्या घरापुरतं होतं ते गावभर झालं.”

मी म्हटले, पण ते खरे असेल तर?

त्या उत्तर देणार तेवढ्यात व्हरांड्यातून अण्णांचा आवाज आला. “ओ.”

स्पष्ट, तरुण माणसाने द्यावी तशी ओ होती. काकू न उठताच म्हणाल्या, “कुणी हाक मारली नाही हो.” मग माझ्याकडे वळल्या. “धुकं पडलं की करतात असं. उद्या पहाटे घाटावर जा. नावेत बसा. तिथे काय ऐकू येतं ते ऐका आणि मग काय लिहायचं ते लिहा.”

दुसऱ्या दिवशी घाटावर पोचलो तेव्हा पाणी कुठे सुरू होते ते कळत नव्हते. घाट साधा आहे, काळ्या दगडाचा. खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या झाल्या आहेत. शाकिर नावाचा मध्यमवयीन कोळी जाळी काढायला निघाला होता. त्याने मला नावेत घेतले. त्याचे वडील घाटाच्या वरच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसून राहिले. धुके असले की आवाज देऊन नावा परत आणायचे काम म्हाताऱ्याकडे असते, असे शाकिर म्हणाला. म्हाताऱ्याला दमा आहे, पण हे काम तो दुसऱ्या कुणाला देत नाही.

थोड्याच वेळात काठ गेला. वल्ह्याचे पाणी ठिबकत होते, तेवढाच आवाज. जाळ्यात फारसे काही नव्हते. शाकिरने नाव वळवली, वल्ही उचलली आणि कान देऊन थांबला.

“अहोऽऽ.”

मी चमकलो. म्हाताऱ्याचा घोगरा आवाज होता, पण शब्द आमच्या घरातला होता. त्या गावात, त्या पाण्यावर, मराठीचे एक अक्षर न येणारा माणूस ‘अहो’ अशी हाक मारत होता. त्यातला ‘हो’ कोकणात पल्याडच्या वाडीवरून ओरडतात तसा लांबवलेला होता. चरित्रकाराला जे हवे असते ते मला मिळाले होते. बाईंनी नाव घेतले नव्हते हे खरे असेल. पण त्या गप्प राहिल्या नव्हत्या. मराठी बायको नवऱ्याला जशी हाक मारते तशीच त्यांनी मारली होती, आणि इतकी मारली होती की काठावरच्यांना ती पाठ झाली.

हे मनात जुळत असतानाच माझ्या तोंडून उत्तर गेले. चाळीस वर्षांच्या संसाराची सवय. हाक आली की आम्ही ओ देतो.

“ओ.”

शाकिरचे वल्हे हवेतच राहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, पाण्याकडे पाहिले.

पुन्हा हाक आली. “अहो.” घाटाच्याच बाजूने, पण या वेळी लांबवलेली नव्हती. आवाज बारीक होता आणि पाण्याच्या पातळीवरून आल्यासारखा जवळ होता. विचारत असल्यासारखा.

“अब्बा इतनी जल्दी नहीं पुकारते,” शाकिर हळू म्हणाला. “दम लगता है उन्हें.”

मी काही बोलणार होतो. त्याने हात वर करून मला थांबवले. “इस पुकार का जवाब नहीं देते साहब. जवाब उसका है. वो अभी लौटा नहीं.”

पुढे तो वल्हवत राहिला. मी विचारल्यावर एवढेच म्हणाला, की शब्दाचा अर्थ त्याला माहीत नाही. कुणी मरहट्टी बाई इथे उभी राहून हाका मारायची, असे त्याचे आजोबा सांगत. या हाकेवर नावा मुकाट्याने घरी येतात. ओ कुणी देत नाही.

घाटावर म्हातारा चहा पीत बसला होता. हाक एकदाच दिली, मग चहा आला, असे त्याने सांगितले. घाटामागच्या टेकडीवरून प्रतिध्वनी येऊ शकतो, हे मी नोंदवतो. म्हाताऱ्याचा घोगरा आवाज परतताना बारीक होऊ शकतो का, हे मला माहीत नाही.

दुपारी निरोप घ्यायला आनंद नगरला गेलो. ऊन पडले होते. अण्णा व्हरांड्यात झोपले होते. वाक्य बदलणार आहे असे मी काकूंना सांगितले, आणि नवे वाक्य वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग पदराने चष्मा पुसला.

“लग्नानंतर पहिल्याच थंडीत हे मला नावेतून घेऊन गेले होते,” त्या म्हणाल्या. “मी घरी येऊन सांगितलं, बाईंनी हाक मारली होती, मी ऐकली. सासूबाई म्हणाल्या, जास्त बोलतेस.” मग त्यांनी अण्णांकडे पाहिले. “नावेत यांनी ओ दिली होती. तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि विचारले, “तुम्ही नाही ना दिलीत?”

गाडीची वेळ झाली आहे, असे मी म्हणालो.

पुण्याला परत येऊन आता काही दिवस झाले आहेत. पुस्तकाची मुद्रिते आली आहेत. पहिल्या पानावर काकूंना वाचून दाखवलेले वाक्य आहे: ‘धुक्यात नवऱ्याची नाव हरवली, तेव्हा म्हाळसाबाईंनी हाक मारली; ती हाक अजून थांबलेली नाही.’ एका माणसाचे आयुष्य एका वाक्यात दाखवायचे तर ते वाक्य निदान त्याच्याविरुद्ध वापरता येणारे नसावे, एवढी शिकवण या प्रवासातून घेतली आहे. काकूंना एक प्रत पाठवायची आहे आणि एक त्यांच्या नातीला.

आज सकाळी पुण्यातही धुके होते. मी मुद्रिते तपासत बसलो होतो. पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत दारात आली आणि म्हणाली, “कुणाला ओ दिलीत? मी हाक मारली नव्हती.”