अल खर्जमधले सरांचे विद्यापीठ

सेवेत हाताळलेली बहुतेक प्रकरणे फायलींत राहिली. एक मात्र माझ्याबरोबर घरी आले आणि अजून गेलेले नाही. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. आरोपी सापडला, गुन्हा शाबीत झाला, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. तरी त्या प्रकरणात काही जिंकल्यासारखे मला कधी वाटले नाही.

तेव्हा मी कोकण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. माझी मुलगी रियाधच्या दक्षिणेला, अल खर्ज येथे, सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. तिच्याकडे रजेवर गेलो होतो. एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपल्यावर, एक गृहस्थ दारात आले. मूळचे आमच्याच तालुक्यातले. तिथल्या एका डेअरीत दूध काढण्याच्या यंत्रांची दुरुस्ती करत. गावाकडचा पोलीस साहेब आलाय एवढे ऐकून आले होते. खुर्चीवर बसायलाही तयार होईनात.

"साहेब, माझी पोर चोर नाय," हे त्यांचे पहिलेच वाक्य.

पाणी दिले, बसवले, मग हळूहळू हकिकत बाहेर आली. मुलगी तिथेच जन्मलेली, वडिलांच्या इकाम्यावर, म्हणजे त्यांच्या राहण्याच्या परवान्यावर वाढलेली. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाली आणि एका डेअरीच्या प्रयोगशाळेत लागली. नोकरी पक्की करताना कंपनीने पदवी पडताळणीसाठी तिच्यावर नाव असलेल्या भारतातल्या खासगी विद्यापीठाकडे पाठवली. उत्तर आले, अशी विद्यार्थिनी आमच्याकडे कधीच नव्हती. कंपनीने बनावट प्रमाणपत्राची तक्रार केली. पोलिसांनी मुलीची चौकशी केली. वडिलांचा कफील, म्हणजे त्यांना नोकरीवर ठेवणारा मालक, जामीन राहिला म्हणून ती घरी होती. पण खटला डोक्यावर होता आणि देश सोडायला बंदी होती.

"ती शिकली कुठे?"

"सरांकडं. हितंच. सगळे त्यांना सरच म्हणत."

"आणि सर कुठे आहेत?"

"त्यांच्या पोरांतली पहिली पदवी फेटाळली तसे निघून गेले साहेब. कायमचा एक्झिट घेऊन. आता म्हणे आपल्याच तालुक्यात आहेत, बहिणीकडं."

मी त्यांना स्पष्ट सांगितले की या देशात मी फक्त एक पाहुणा आहे, मला इथे कसलाही अधिकार नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मुलगी समोर येऊन बसली. मराठी समजत होती, पण बोलताना हिंदी-इंग्रजीच पुढे येई.

"इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत आम्हां फॉरेनर्सना स्कॉलरशिपच्या थोड्याच सीट्स," ती म्हणाली. "नंबर नाही लागला. प्रायव्हेट परवडत नव्हतं. अम्मी गेल्यावर अब्बांना एकटं टाकून इंडियाला कशी जाणार? मग सरांनी त्या इंडियाच्या युनिव्हर्सिटीचं सेंटर सुरू केलं. भाड्याच्या व्हिलात."

"शिकवायचे का खरंच?"

तिने माझ्याकडे रागाने पाहिले. "अंकल, रोज. तीन वर्षं. एका लेक्चरला सुट्टी नाही."

मी तिला दूध कसे तपासतात ते विचारले. ती सांगू लागली. नमुना कसा घ्यायचा, जंतू कसे वाढवायचे, किती वाढले की टँकर परत पाठवायचा. मध्येच थांबली, "नाही, हे चुकलं," म्हणून मागे गेली आणि नीट सांगितले. आयुष्यभर मी खोटे बोलणाऱ्यांसमोर बसलो आहे. पाठ केलेले खोटे न अडखळता येते. जो मध्येच थांबून स्वतःची चूक सुधारतो, तो बहुधा खरे बोलत असतो.

निघताना तिने विचारले, "अंकल, मी फ्रॉड आहे का?"

"नाहीस," मी म्हणालो. पण माझ्या म्हणण्याला तिथे किंमत नव्हती.

मी परतल्यावर काही दिवसांनी वडील रजा काढून आले आणि ठाण्यात फिर्याद दिली. परदेशात घडलेल्या गुन्ह्याच्या खटल्याला केंद्र सरकारची मंजुरी लागते, तो प्रस्ताव मी पाठवला. पण फी आमच्या तालुक्यातल्या बँकेत, सरांच्या खात्यात जमा होत असल्याने गुन्हा माझ्याही हद्दीत बसत होता. फसवणूक, बनावट दस्त. कलमे लावली आणि त्या विद्यापीठात गेलो.

विद्यापीठ म्हणजे मोठी कमान आणि आत कुलगुरू, एवढेच मला तोवर ठाऊक. तिथल्या कुलसचिवांनी शांतपणे समजावले. सरकारी विद्यापीठ गावोगावच्या कॉलेजांना संलग्न करून घेऊ शकते. खासगी विद्यापीठ राज्याच्या स्वतंत्र कायद्याने उभे राहते, त्याला बाहेरची कॉलेजे जोडून घेता येत नाहीत, मंजुरीवाचून आवाराबाहेर केंद्रही काढता येत नाही. सौदीत वर्ग चालवायचा तर तिथल्या शिक्षण खात्याचा परवाना हवा, संस्थेचा आणि अभ्यासक्रमाचाही.

"हे सगळं सेंटर काढणाऱ्या सरांना माहीत होतं?" मी विचारले.

"होतं ना. सुरुवातीला मी हो-नाही काही म्हटलं नव्हतं, वर विचारतो म्हणालो होतो. पुढच्या वर्षी ते परत आले. याच खुर्चीत बसले होते. मुलं अडकलीत, काहीतरी करा, म्हणाले. मी नाही सांगितलं."

सरांना शोधावे लागलेच नाही. आमच्या बीट हवालदाराने निरोप आणला की ते रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचतात. नोटीस दिली, वेळेवर हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, बारीक आवाज. आधी आपल्याकडच्या कॉलेजात, मग सौदीतल्या एका खासगी कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. पत्नी नाही, मूलबाळ नाही.

पहिले काही दिवस त्यांनी मला दाद दिली नाही. ओरडणे व्यर्थ होते. असा माणूस ओरडण्याने अधिकच ताठ होतो. ते एकच म्हणत.

"माझी मुलं खोटी नाहीत. कुठल्याही विद्यापीठात नेऊन परीक्षा घ्या त्यांची. पदवी म्हणजे दुसरं काय असतं?"

"प्रमाणपत्रं कोणी छापली?"

"त्यांनी अभ्यास पूर्ण केला होता."

"सर, छापली कोणी?"

त्यांनी नोटिशीची घडी घातली.

फीचा हिशेब तपासला. भाडे, उपकरणे आणि रसायने यांतच सगळे गेले होते. सरांच्या हाती काही उरले नव्हते. अशा आरोपीपुढे पोलीस अधिकारी अवघडतो. लोभ असला तर त्याला धरता येते. इथे लोभच नव्हता.

मग एका सकाळी, हजेरी संपल्यावर, मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि त्या मुलीविषयी बोललो. तिच्यावर तिथे खटला उभा राहतो आहे हे त्यांना माहीत नव्हते. नोकरी गेली असेल, एवढीच त्यांची कल्पना. कप त्यांच्या हातातच राहिला.

"तिच्यावर? तिने काय केलंय?"

"खोटं प्रमाणपत्र वापरलंय. ते खोटं आहे हे तिला माहीत नव्हतं, असं सांगणारं जगात कोणी नाही. सांगू शकणारा एकच माणूस आहे आणि तो म्हणतो पदवी खरी आहे. सर, तुम्ही पदवी खरी म्हणत राहिलात, तर ती मुलगी खोटी ठरते."

त्यांनी कप खाली ठेवला. मग चष्मा काढला.

"पहिल्या वर्षाच्या शेवटीच कळलं होतं मला," ते म्हणाले. "तेव्हाच वर्ग बंद करायला हवा होता. रोज ठरवून जायचो. दार उघडलं की सगळी मुलं वह्या काढून बसलेली असायची. वाटायचं, दुसरं वर्ष होऊ दे, तोवर मंजुरी मिळेल. मग तिसरं आलं. शेवटी प्रमाणपत्रं मीच छापून घेतली. मुलांना काही माहीत नव्हतं. कोणालाच नाही."

पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. म्हणून मी त्यांना दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले. कबुलीची सक्ती नाही, ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, हे दंडाधिकाऱ्यांनी बजावले आणि विचाराला वेळ दिला. सरांनी दुसऱ्या दिवशी तेच शब्दशः सांगितले. तो जबाब साक्षांकित होऊन, अरबी भाषांतरासह, वकिलातीमार्फत तिकडे गेला. काही महिन्यांनी वडिलांचा फोन आला. मुलीवरची तक्रार निकाली निघाली होती. बोलता बोलता ते रडू लागले. मीही फोन ठेवल्यावर केबिनचे दार लावून घेतले.

पण त्याच जबाबाने तिची पदवीही गेली. कायद्याच्या दृष्टीने ती तीन वर्षे कुठेच शिकली नव्हती.

खटल्यात तिची साक्ष व्हिडिओवरून झाली. पडद्यावर ती दिसताच आरोपीच्या जागेवरचे सर उठून उभे राहिले. सरकारी वकिलांनी विचारले, "यांना ओळखता?"

"हो. माझे सर आहेत."

"पुढे शिकतेस ना?" सर एकदम बोलून गेले. न्यायाधीशांनी त्यांना गप्प केले. साक्षीदाराने उत्तर देण्याची गरज नव्हती. तिने दिले.

"नाही, सर."

त्यांना शिक्षा झाली. त्यांनी अपील केले नाही.

मी आता वर्षातला बराच काळ मुलीकडे अल खर्जला असतो. नोकरीत असताना शिक्के, परवाने, मंजुऱ्या यांवर मीही पुष्कळ वैतागलो आहे. या प्रकरणाने मला शिकवले की ती मंजुरी शिकवणाऱ्यासाठी नसतेच. शिकणारा उद्या कुणाच्या टेबलासमोर उभा राहील, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणीतरी असावे म्हणून ती असते. सर चांगले शिक्षक होते. मुलांवर त्यांचा जीव होता. आणि त्या मुलीचे सर्वांत मोठे नुकसान त्यांनीच केले. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आरोपपत्रात मला त्यांतली एकच लिहिता आली.

ती मुलगी आता घरीच लहान मुलांच्या शिकवण्या घेते. माझी नात तिच्याकडे विज्ञान शिकते आणि घरी आल्यावर जेवताना सगळ्यांना दही कसे लागते ते समजावून सांगते. परवा नातीला आणायला गेलो तेव्हा एक नवी आई चौकशीला आली होती. तिने सहज विचारले, "टीचर, तुमचं क्वालिफिकेशन काय?"

त्या मुलीने माझ्याकडे पाहिले नाही.

"ट्वेल्थ पास," ती म्हणाली, आणि मुलांना पान उलटायला सांगितले.