खर्रा म्हणजे सुपारी

तीन महिन्यांत वसंता मेश्रामचं वजन नऊ किलोंनी उतरलं, पण घराचा जिना चढताना छातीत दाटून यायचं ते काही थांबलं नाही.

वसंता बावन्न वर्षांचा. मध्य प्रदेशात बालाघाट ते बैहर जीप चालवतो. मार्चमध्ये छाती दुखली तेव्हा डॉक्टरांनी लगेच नागपूरला जाऊन अँजिओग्राफी करायला सुचवलं होतं. वसंताच्या मोठ्या भावाला असंच नागपूरला नेलं होतं आणि तो शववाहिनीतून परत आला होता. वसंताने हात जोडले. मग डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तीन महिन्यांची मुदत दिली आणि राहणी मुळापासून बदलायला सांगितलं.

त्याने ती बदलली. तळलेलं बंद केलं, मीठ अर्ध्यावर आणलं, चहा सोडला. रोज पहाटे वैनगंगेपर्यंत चालत जाऊन यायचा. बायको ललिता त्याला भात वाटीने मोजून वाढायची. एवढं करूनही दुसऱ्या तपासणीत चालत्या पट्ट्यावर तो चौथ्याच मिनिटाला थांबला.

डॉक्टर कागद उलटसुलट करत म्हणाले, "चरबी उतरी है, शुगर उतरी है. फिर ये बीपी क्यों नहीं मान रहा? नागपुर जाना पड़ेगा."

वसंताने ललिताकडे पाहिलं.

"साहेब, हे तर आता काहीच खात नाही जी," ललिता घाईघाईने म्हणाली. "चाय भी नहीं. बस, खर्रा."

डॉक्टरांचा पेन थांबला. "कितने?"

"चार-पाँच," वसंता म्हणाला.

"आठ होतेत. चाय सोडल्यापासून तोंड सुनं पडते म्हणते. मीच आणून देते."

"मैंने पूछा था न, तंबाकू?"

"तंबाकू तो पंद्रह साल पहले छोड़ दिया साहब. ये तो सुपारी है."

तो खोटं बोलत नव्हता. हातावर चुना घालून मळतात ती तंबाखू. पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घोटून मिळतो तो खर्रा. त्याच्या सगळ्या ओळखीत हा फरक असाच होता. पन्नीत सुपारीबरोबर तंबाखू आणि चुनाही घोटला जातो, हे तो रोज डोळ्यांनी पाहायचा. नाव मात्र सुपारीचंच घ्यायचा.

खर्रा सोडून बीपी उतरतो का ते पाहायला डॉक्टरांनी आणखी एक महिना दिला. एकही खर्रा नको. बसल्या जागी दुखलं तर गोळी जिभेखाली आणि तडक दवाखाना.

तिसऱ्या दिवशी गांगुलपाऱ्याच्या घाटात जीपमध्ये अकरा प्रवासी होते. सकाळपासून वसंताचं डोकं ठणकत होतं. ती खर्र्याची तलब होती, हे त्याला कळत होतं. मग डाव्या जबड्यात काहीतरी ओढल्यासारखं झालं. त्याने गाडी कडेला घेतली.

"काहून थांबला बे?" शेजारी बसलेल्या प्रेमलालने विचारलं. जीपमध्ये प्रवासी भरायचं काम त्याचं. वसंताचा चेहरा पाहून तो हसला. "तलब लागली ना? घे, अर्धा खाय. डॉक्टर काय घाटात पाहाले येऊन राह्यला?"

पन्नी समोर आली. वास नाकात गेला. अर्धा खाल्ला आणि बरं वाटलं, तर ती तलबच. नाही वाटलं, तर? पुढचा दवाखाना थेट बैहरलाच. मागे फिरलं तर बालाघाट, तिथले डॉक्टर आणि मग बहुधा नागपूर. भाऊही आधी म्हणाला होता, काही नाही, गॅस आहे.

ओढ आता खांद्यात उतरली होती.

"ठेव ते," वसंता म्हणाला. खिशातली गोळी काढून त्याने जिभेखाली धरली आणि किल्ली प्रेमलालच्या हातात दिली. "गाडी पलटव. बालाघाट."

"अन् पाशिंजर?"

"त्याइले घेऊनच चाल."

मागून कोणीतरी ओरडलं, बैहरला कोर्टात तारीख आहे म्हणून. प्रेमलाल तोवर उतरून ड्रायव्हरच्या दाराशी आला होता. वसंता उतरला, बॉनेटला धरत धरत पलीकडे गेला आणि डावीकडच्या सीटवर बसला. त्याने ललिताला फोन लावला.

"दवाखान्यात ये," तो म्हणाला. "नागपूरची चिठ्ठी देतील तं घेऊन घेजो. मी नाही म्हणलं तरी घेजो."