वेबसाइटची चतुःसीमा

उद्या आभाळ कोसळलं, तरी आमचे अर्जनवीस चाचा आधी ते कुणाच्या हद्दीत कोसळलं याची चौकशी करतील आणि मग अर्ज लिहायला बसतील, याबद्दल वडनेर भोलजीत कुणालाही शंका नव्हती. नांदुऱ्याला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात त्यांची हयात गेली होती, आणि अर्जाशिवाय जगात कुठलीच गोष्ट हलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टरकडे गेले तर तोंडानं काही सांगायचे नाहीत, कागद पुढे सरकवायचे: "अर्जदाराच्या छातीत खोकला तीन आठवड्यांपासून विनापरवाना वास्तव्यास आहे, तरी त्यास तातडीने हुसकावून देण्यात यावे." दुसऱ्या चहासाठी चाचींकडेही म्हणे लेखी विनंती जायची आणि चाची ती हमखास प्रलंबित ठेवायच्या. माझ्या लग्नात बुंदी संपली तेव्हा माझ्या सासऱ्यांना मिळालेला अर्ज त्यांनी अजून जपून ठेवला आहे.

हाच माणूस एका बियाणे कंपनीच्या डोळ्यात खुपला. बीटी कपाशी आली तेव्हा आता अळीची चिंता सोडा, असं पाकिटावरच छापलेलं होतं, आणि काही वर्षं ते खरंही निघालं. मग एका हंगामात चाचांच्या तीन एकरांत आणि आजूबाजूच्या वावरांत बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. माणसं बांधावर नुसती बसून राहायची. चाचांनी कंपनीला ओळीनं चार अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. तेवढ्यात नांदुऱ्याच्या इंटरनेट कॅफेवाल्यानं त्यांना सांगितलं, की त्या बियाण्याच्या नावाची वेबसाइट अजून कुणी घेतलेलीच नाही. चाचांनी ती त्याच दिवशी स्वतःच्या नावावर केली आणि तिच्यावर किडक्या बोंडांचे फोटो, रिकामी पाकिटं आणि चाळीसेक शेतकऱ्यांच्या तक्रारी चढवल्या. आता कुठेही कुणी ते नाव टाइप केलं, की त्याला आमच्या गावची अळी दिसायची.

दोन वर्षांनी कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला. नाव विकत द्या, म्हणाला. चाचांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "हे नाव विकाचं नाही. तुमच्या मोठ्या सायबाले एक डाव वावरात धाडा, बोंड फोडून पाहू द्या त्याले. मंग नाव फुकटात घेऊन जा." एवढी स्वस्त अट त्या माणसाला परवडली नाही. महिन्याभरात चाचांना नोटीस आली. आमच्या नोंदणीकृत नावावर या इसमानं लबाडीनं कब्जा केला आहे, अशी तक्रार कंपनीनं कुठल्याशा दूरदेशीच्या लवादाकडे केली होती, आणि वीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर नाव आणि त्यावरच्या सगळ्या तक्रारी हातच्या जाणार होत्या.

मी गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे भाषांतराचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. पहिला खटका उडाला तो 'प्रतिवादी' शब्दावरून. "उभ्या जिंदगीत मी अर्जदारच राह्यलो, मास्तर. आता म्हातारपणी गैरअर्जदार काऊन होऊ?" शेवटी 'नाइलाजाने गैरअर्जदार' यावर तडजोड झाली. मग त्यांनी जाहीर केलं, की वेबसाइट ही मिळकत आहे आणि मिळकतीचा वाद पंचनाम्याशिवाय चालत नाही. पाच पंच घेऊन आम्ही एसटीनं नांदुऱ्याला गेलो. कॅफेत संगणकाभोवती उभं राहून चाचांनी चतुःसीमा लिहिली: पूर्वेस कॅफेवाल्याचा गल्ला, पश्चिमेस भिंत व तिजवरील कॅलेंडर, उत्तरेस पंखा (बंद अवस्थेत), दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. पुढे लिहिलं, "सदर नाव पडीक होते. कंपनीने त्यावर कधी नांगर घातला नव्हता. गैरअर्जदाराने ते साफसूफ करून दोन वर्षे खुलेआम वहिवाटले आहे." सहीच्या वेळी एका पंचानं शाईचा अंगठा थेट संगणकाच्या काचेवर उमटवला. कॅफेवाला ओरडला, तर पंच म्हणाला, "वेबसाइटच्या पंचनाम्याचा अंगठा वेबसाइटवर नाही मारू तं कुठं मारू बे?" चाचांना हा मुद्दा बिनतोड वाटला.

उत्तरावर चाचांनी कोर्ट फीचं तिकीटही लावलं. मी म्हटलं, "चाचा, हे ईमेलनं जाणार आहे. तिकडे आपलं तिकीट कोण विचारतो?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बिनतिकिटाचा अर्ज कोनी वाचते का, मास्तर?" तिकिटासकट सगळं स्कॅन झालं आणि गेलं. 'वहिवाट' आणि 'चतुःसीमा' इंग्रजीत नेताना मला जो घाम फुटला, तो परीक्षेतही कधी फुटला नव्हता.

निकाल आला तेव्हा शाळेची मधली सुट्टी होती. चाचा व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसले आणि मी वाचू लागलो. नाव कंपनीचंच होतं, ते शोधणाऱ्याची फसगत होते, सबब ते कंपनीला देण्यात यावं. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला त्यांच्याकडे पाहवेना, म्हणून मी घाईनं पान उलटलं आणि एका वाक्यावर थांबलो. "चाचा, इथे लिहिलंय, शेतकऱ्यांनी पाठवलेली किडक्या बोंडांची छायाचित्रं आम्ही लक्षपूर्वक पाहिली."

"लक्षपूर्वक म्हनते?"

"हो."

"पुन्हा वाचा बरं."

मी पुन्हा वाचलं. चाचांचे डोळे भरून आले. "चार अर्ज केले मास्तर, कोनी पाह्यलं नाही. यानं पाह्यलं. तिकडं बसून पाह्यलं. जाऊ द्या मंग नाव." टोपी चढवून ते उठले आणि बसस्टँडपर्यंत भेटेल त्याला थांबवून ते वाक्य ऐकवत गेले. संध्याकाळपर्यंत आम्ही हरलो आहोत हे गावात कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

ते वाक्य तिथे संपलेलं नव्हतं. कपाशीचं काय झालं, याचा या वादाशी काही संबंध नाही, असं त्यात पुढे होतं. ते मी वाचलं नाही. चाचा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि ज्या माणसानं जन्मभर कुणाच्या अर्जातला एक शब्द गाळला नाही, त्याला मी अर्धं वाक्य कमी वाचून दाखवलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.