दह्याची वाटी आणि तीन पुरणपोळ्या

अनू, मी गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर हलगी वाजत होती, पण माझ्यासाठी नव्हे. माझ्याच वर्गातला एक जण फौजेच्या ट्रेनिंगला निघाला होता. गुलाल, हार, दारादारात ओवाळणं, सगळं गाव त्याच्यामागं. त्याच एसटीनं मी पुण्याला चाललो होतो, एका वर्कशॉपमध्ये कामाला. माझ्यामागं फक्त तुझी आजी होती. कडेवर तू, हातात दह्याची वाटी. तुझी आई घरातच थांबली, तिला हलगीचा आवाज सोसत नव्हता.

"एवढं दही तोंडात घाल, मग जा," आजी म्हणाली.

"पोट भरलंय माझं," मी म्हणालो आणि गाडीत चढलो. गाडी वळेपर्यंत ती वाटी तशीच धरून उभी होती. याला आता सोळा वर्षं झाली.

पुढच्या आठवड्यात तुला सांगलीच्या ग्राऊंडवर पळायचंय. परवा आजीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पोरगी भरतीला निघालीया. सकाळी तिला काय वाढू?" तुला वाटेल, यात इथं पोलंडला मला फोन करून विचारण्यासारखं काय आहे? आहे. म्हणून हे लिहितोय. लांबलंय जरा, पण तुला पळायचा दम आहे तर वाचायचाही असेल.

आपलं गाव मिलिट्रीचं. घरटी एक तरी माणूस फौजेत. तुझा बाप, म्हणजे माझा दादा, भरतीला निघाला तेव्हा आजीनं त्याला एक केळ आणि गुळाचा खडा दिला होता. सोळाशे मीटर पळायचं तर पोट हलकं पाहिजे, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. दादा त्या दिवशी पहिला आला.

तू झालीस तेव्हा तो सुट्टीवर होता. जाताना म्हणाला, आता येईन तेव्हा ही चालत असेल. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी तो आला, तो तिरंग्यात. मागून त्याची काळी ट्रंक आली, पांढऱ्या रंगात नाव घातलेली. तिच्यात तुझ्यासाठी एक पिवळा फ्रॉक होता, चालत्या पोरीच्या मापाचा. तू तर अजून रांगत होतीस. वहिनीनं तो ट्रंकेत परत ठेवला नाही, कपाटाच्या दांडीला अडकवला. तुला तो नीट बसायला लागला त्या दिवशी ती दिवसभर जेवली नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल. आपल्याकडं शहिदाच्या कमानीवरचं नाव सगळे वाचतात, घरातलं असलं काही कुणी सांगत नाही.

आणखी एक सांगतो. सीमेवर समोरच्या, तिकडच्या चौकीतला एक जण रोज सकाळी गोधडी झटकायचा, असं दादा सुट्टीत सांगायचा. हसायचा आणि म्हणायचा, "त्यालाबी मायनं सवय लावली आसंल." दादाचे दिवस झाले, पाहुणे पांगले, तेव्हा आजीनं एकदम विचारलं, "त्यो गोधडीवाला हाय का त्योबी गेला, कुणाला ठावं आसंल का?" मला लय राग आला. आपलं माणूस गेलंय आणि हिला तिकडच्याची चौकशी. आज वाटतं, त्या घरात शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

मग माझी पाळी. मी वीस वर्षांचा, डोक्यात दादाचा सूड, आणि पाय असे की कालव्याच्या रस्त्यावर मला कुणी गाठू शकत नव्हतं. भरतीच्या दिवशी सकाळी आजीनं ताट वाढलं. पुरणपोळी, वर तुपाची धार, वाटीभर दूध. म्हणाली, "देवीचा निवद हाय, न्हाई म्हणू नगंस." घरातून बाहेर पडताना आईनं वाढलेलं ताट नाकारायचं नाही, ही आपल्या घरची रीत. तीन पोळ्या खाल्ल्या. तिसरीच्या वेळी तर मी आनंदानं हात पुढं केला, कारण तुझ्या आजीच्या पुरणाला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय.

तिसऱ्या फेरीत कुशीत कळ आली. चौथी झालीच नाही. चुन्याच्या रेघेपलीकडं बसून ओकलो. एक हवालदार पाठ चोळत म्हणाला, "खाऊन पळतात का रे येड्या?"

परतीच्या एसटीत कराड यायच्या आत मला दादाचं केळ आठवलं. घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता विचारलं, "तुला ठाऊक होतं नव्हं?"

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "व्हय. जाणूनच घातल्या. एक दिला, दुसरा न्हाई देणार. तुला काय बोलायचं ती बोल."

मी काहीच बोललो नाही. तेच चुकलं माझं. गावात पोरं म्हणायची, भाऊ वाघ आणि हा शेळी. मी खरं सांगितलं नाही, कारण मग सगळ्यांनी आजीला नावं ठेवली असती. पण मनात अढी धरली. पुण्यात सहा वर्षं, मग नाशिक, मग व्हिसा काढून इथं. गावी येऊन गेलो, पैसे पाठवले, फोन केले. पण तिच्या हातचं गोड कधी खाल्लं नाही. शुगर आहे, डाएट आहे, असली थापेबाजी करायचो. तिला सगळं कळत होतं.

इथं मी पावाच्या कारखान्यात आहे. शिफ्टला माझ्या शेजारी ओल्हा असते, सीमेपलीकडून सासूला घेऊन आलेली. तिचा मुलगा तिकडंच राहिला, लढाईवर. ब्रेकमध्ये ती चहा घेत नाही, फोनकडं बघते. मेसेजपुढं दोन टिक दिसल्या की मग पाव मोडते. एकदा माझ्या मोडक्या पोलिशमध्ये मी तिला तीन पोळ्यांची गोष्ट सांगितली, जरा हसवावं म्हणून. ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी थांबेना. हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "मी त्याला डबा भरून दिला रे. मला का नाही सुचलं?"

मी लॉकर रूममध्ये जाऊन आजीला फोन लावला. आधी पाऊसपाणी, गुरंढोरं बोलून झालं. शेवटी विचारलं, "आये, पुरणात जायफळ किती घालतीस?" पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चिमूटभर. तू करणार हायस व्हय?" सुपरमार्केटात हरभऱ्याची डाळ मिळाली, गूळ नाही मिळाला. पोळ्या फाटल्या. ओल्हानं तरी दोन खाल्ल्या, एक सासूला नेली.

आता माझं म्हणणं ऐक. मला युद्ध नको वाटतं. आपलं नको, यांचं नको, कुणाचंच नको. याला कुणी भित्रेपणा म्हणालं तर म्हणू दे, शेळी मी आधीच झालोय. तुझ्या बापाचा मला अभिमान आहे आणि तो आज घरात असायला हवा होता. हे दोन्ही मला एकाच दमात वाटतं. फौजेतली माणसं वाईट नसतात गं, आपलीच असतात, म्हणून तर जीव तुटतो. तू कालव्यावर पळतेस त्याचे व्हिडिओ वहिनी पाठवते. पाय दादाचे आहेत तुझे. बघून ऊर भरून येतो, आणि तरी व्हिडिओ संपायच्या आत मी फोन पालथा ठेवतो.

आजीला मी सांगितलं, पोरीला फसवू नकोस. मला फसवलंस ते मायेनं, पण सोळा वर्षं गेली त्यात. दोन्ही वाढ. एका ताटलीत पोळी आणि तूप, दुसरीत केळ आणि गूळ. आणि तिला सांग, ही पोळी कशाची आहे ते. पुढं काय उचलायचं ते तिचं ती बघंल.

ती म्हणाली, "आन् तिनं केळ उचललं तर?"

म्हटलं, "तर ओवाळ तिला. मी ग्राऊंडवर जातो तिच्याबरोबर."

होय, येतोय मी. सुट्टी मंजूर झालीय. तू पोळी उचललीस तर तुझ्या शेजारी बसून जेवीन. केळ उचललंस तर रेघेपाशी उभा राहीन आणि तू पहिली यावीस असंच म्हणेन, मग घरी येऊन रडेन. तुझ्यावर रागावणार नाही. इतकी वर्षं लोक विचारतात, घर कुठलं? मी सातारा सांगतो आणि विषय बदलतो. खरं तर ज्या दारातून पाय निघू नये म्हणून कुणीतरी पहाटे उठून पुरण वाटलं, ते माझं घर. हे कळायला मला पोलंडला यावं लागलं, एवढा मी येडा.

फोन ठेवताना आजीनं विचारलं, "आन् तुला काय वाढू रं?"

म्हटलं, "दह्याची वाटी घेऊन फाट्यावर ये. मागची तशीच राहिलीय."