फिनाइलमावशींचा मासा

शेजारी म्हणत, "फिनाइलमावशींच्या उंबऱ्यावर बसायचं तर माशीसुद्धा आधी पाय पुसते." रुग्णालयात एकतीस वर्षे फरशा पुसून निवृत्त झालेल्या या बाईंच्या घरी पाहुण्याने पेला खाली ठेवताक्षणी तो विसळला जाई.

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू घर सोडताना एक सोनेरी मासा काचेच्या टाकीसकट जिन्यात टाकून गेला. काचेवर शेवाळाचा थर, पाण्याला कुजका दर्प, आणि माशाच्या झडलेल्या परांवर कापसासारखी पांढरी बुरशी. सगळे नाक दाबून बाजूने जात. मावशींनी टाकी घरी नेली. दिवसातून दोनदा पाणी बदलले, तळाचे खडे साबणाने घासले. चौथ्या दिवशी मासा कलंडू लागला.

त्याला बरणीत घालून त्या जनावरांच्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवू लागल्या. त्यांच्याच चाळीत राहणारा मी सोबत होतो. पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितले, "आम्ही कुत्री-मांजरं बघतो." दुसरीकडचा मदतनीस दात काढत म्हणाला, "मावशी, मीठ-लिंबू लावूनच आणायचा होतात!" मांडीवर केसाळ कुत्री घेऊन बसलेली सुशिक्षित मंडळी त्यावर खदाखदा हसली. मावशींनी बरणी पदराखाली घेतली आणि त्या बाहेर पडल्या.

तिसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बरणी उजेडात धरली.

"हे टाकीतलंच पाणी?"

"छे! नळाचं ताजं भरलंय. डॉक्टरांपुढं घाण कशी आणायची?"

"मला तीच तपासायची होती, मावशी. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्यानं याचे कल्ले भाजलेत. पाणी दिवसभर उघडं ठेवून मग वापरा, तेही चौथा हिस्साच बदला. आणि खडे घासू नका. त्यांच्यावरचा बुळबुळीत थर याची घाण पचवतो."

"बुळबुळीत? माझ्या घरात?"

"मासा जगायला हवा असेल, तर."

बुरशीसाठी थेंबांचे औषध घेऊन मावशी घरी परतल्या.

पुढचा महिना त्यांनी मन घट्ट करून काढला. खड्यांवर हिरवट साय धरली, खोलीत ओला वास मुरला. त्यांना उमासे येत. तरी तोंड फिरवून श्वास घ्यायचा आणि परत वळून औषधाचे थेंब मोजायचे, असे चाले. बुरशी ओसरली. मासा सरळ पोहू लागला, पण अर्धे पर गेल्याने तो कुरतडलेल्या चिंधीसारखा दिसे.

एका सकाळी शेजारचा कारकून नेहमीप्रमाणे जिन्याच्या कोपऱ्यात खाकरून थुंकला आणि मावशींच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय हो मावशी, तुमच्या घराला वास? फेकून द्या ना तो मासा एकदाचा. बघूनच किळस येते."

मावशींनी थेंब मोजून पुरे केले, बाटलीला बूच लावले आणि म्हणाल्या, "किळस मला तुझीही रोज येते. तुला फेकलं का कुणी?"