कार्ड पलटलं की उत्तर

आता नातवंडं मला मोबाइल शिकवायला बसतात तेव्हा मी मुद्दाम बावळट चेहरा करते. मग ती वैतागून माझं काम स्वतःच करून टाकतात. चाळिशी ओलांडली तेव्हा मात्र मी खरोखरची बावळट होते, आणि चेहरा हुशारीचा ठेवून गावभर फिरायची.

इंटरनेटची दुकानं आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात नुकती ठिकठिकाणी निघाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी सरकारी कचेरीत कारकून. घर बालाघाटात आणि टेबल बैहरला, म्हणजे रोजचं अप-डाउन. अंधारात बस पकडायची, माकडांनी भरलेला घाट चढायचा, दिवसभर फायली उपसायच्या आणि दिवेलागणीला परत. घरचा स्वयंपाक सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर चाललेला. एकदा माझं ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या, "बैहरचे बंदरं तुले वळखत असतीन आता. घरचे लेकरं वळखतेत का, इचारून पाह्य."

मी हसले. सुटकेचा रस्ता एकच होता, विभागीय परीक्षा. पास झालं की बढती, आणि बढतीची जागा बालाघाटच्याच कचेरीत रिकामी. नापास झालं की पुन्हा तीच बस. एकदा मी नापास होऊन बसलेही होते. लेखी पेपर बरा गेला आणि तोंडी परीक्षेत तोंडच उघडलं नाही. घरी येऊन सांगितलं की साहेबच खडूस होता.

मुलगी नागपूरला फार्मसी शिकत होती. दिवाळीला आली आणि माझं नियमांचं जाडजूड पुस्तक पाहून तिने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी मला बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेली. तिथे तिने पडद्यावर एक कोरं कार्ड काढलं. पुढच्या बाजूला प्रश्न लिहिला, मागच्या बाजूला उत्तर. औषधांची नावं त्यांच्या वर्गातली सगळी मुलं अशीच पाठ करतात म्हणे. मग मला म्हणाली, "आई, आता क्लिक कर."

मी बटण दाबलं आणि कार्ड गर्रकन उलटलं. मागे माझं उत्तर! पुन्हा दाबलं, पुन्हा प्रश्न. मी तव्यावरच्या भाकरीसारखं ते कार्ड इतक्यांदा उलटवलं की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आपलं काम सोडून माझ्याकडे बघत बसला. घरी जाताना मी अक्षरशः उड्या मारत होते. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, अहो, पुस्तक आता मेलं!

सुटी संपेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून सगळे नियम कार्डांवर चढवले. अर्जित रजा, प्रवासभत्ता, अग्रिम, सेवापुस्तिका. भाषा हिंदी, अक्षरं इंग्रजी, कारण त्या कॅफेत देवनागरी टाइप होत नव्हतं. मुलगी नागपूरला परत गेली आणि मी रविवारची कॅफेत हजर राहू लागले. रामपायलीच्या शाळेत आमच्या गुरुजींनी पाढे आमच्याकडून डोलत डोलत, सुरात म्हणवून घेतले होते. मला पाठांतराची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. मी नियमांनाही चाल लावली, आरतीची. पहिलं कार्ड, दुसरं, तिसरं, सगळे नियम एका दमात. पडद्यावर प्रश्न उमटायच्या आधी उत्तर माझ्या तोंडात. रजेचे नियम म्हणताना माझे दोन्ही हात नकळत टाळ्या वाजवायचे. बैहरच्या कचेरीत मी सांगूनही टाकलं, आता माझी खुर्ची रिकामी होणार, कोणाला हवी असेल त्याने आत्ताच रुमाल टाकून ठेवावा.

आणि एका रविवारी कार्डं उघडते तर सगळा घोटाळा. रजेनंतर थेट पेन्शन, पेन्शननंतर प्रवासभत्ता, त्यानंतर कुठलंतरी मधलंच कलम. मला एकही उत्तर येईना. कार्डं माझीच होती, अक्षरं माझीच होती, आणि मी पाटी पुसल्यासारखी कोरी. मी कॅफेवाल्याशी कडाडून भांडले. माझ्या कार्डांना कोणी हात लावला म्हणून विचारलं. त्याने शांतपणे सगळ्या वायरी हलवून दाखवल्या.

बाहेर येऊन मुलीला फोन लावला. ती नागपूरच्या कॅफेतून तीच कार्डं उघडू शकते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

"मीच पिसून ठेवलीत," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुले साहेबानं काय विचारलं होतं?"

"प्रवासभत्ता."

"मग काहून नाही सांगता आलं? येत तर होतं ना तुले."

खरं हे होतं की प्रवासभत्त्यापर्यंत पोचायला मला रजेच्या पहिल्या नियमापासून सुरुवात करावी लागायची. साहेबाने मधला प्रश्न विचारला आणि मी मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून निघाले होते. मी पोचायच्या आत त्याने पुढच्या उमेदवाराला बोलावलं. बिचारा खडूस नव्हता.

तरी सरळ वागेन तर ती मी कसली! पुढच्या रविवारी मी प्रत्येक प्रश्नापुढे क्रमांक टाकून ठेवले, म्हणजे कितीही पिसा, मला चालीतली जागा कळणार. मुलीने नागपुरातून क्रमांक पुसले. मी क्रमांकांऐवजी ठिपके टाकले. तिने ठिपके पुसले, आणि फोनवर एवढंच म्हणाली, "आई, सिरीयल से कोई नहीं पूछेगा." मग मात्र मी चाल सोडली. फार जड गेलं. हात मांडीखाली दाबून बसायची, टाळी वाजू नये म्हणून. पण हळूहळू एकेक नियम आपल्या पायांवर उभा राहू लागला आणि मला भलताच चेव चढला. बसमध्ये मी शेजारच्या बाईच्या हातात पुस्तक द्यायची आणि म्हणायची, कुठलंही पान उघडा, विचारा. काही दिवसांनी त्या बाईने जागा बदलली.

परीक्षेत समोर तीन साहेब. पहिल्याने पेन्शनवरून सुरुवात केली, मी ताडकन उत्तर दिलं. दुसऱ्याने सेवापुस्तिका म्हणताच मी सुरू. तिसऱ्याने नुसतं "अगर कोई कर्मचारी" एवढंच म्हटलं आणि मी उत्तर द्यायला लागले.

"मॅडम," तो म्हणाला, "सवाल तो पूरा होने दीजिए."

मी ओठ घट्ट मिटले. प्रश्न पूर्ण झाला. उत्तर तेच होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यालाच शाबास म्हणणार होते.

बदलीचा हुकूम आला. सासूबाईंनी पाट मांडून मला बसवलं, समोर शिरा ठेवला आणि बजावलं की उद्यापासून चूल तुझी.

उद्या उजाडला. मी नवी साडी नेसले, डबा घेतला, अंधारातच स्टँडवर गेले आणि खिडकीजवळची जागा पकडून बसले. शहर मागे पडलं, वाहकाने नेहमीचं तिकीट फाडून हातात दिलं, आणि त्यावर बैहर वाचून मी अशी किंचाळले की ड्रायव्हरने रस्त्यातच बस थांबवली. घाटाच्या अलीकडे उतरून, उलट येणाऱ्या दुधाच्या जीपला हात दाखवून, कॅनांच्या मधे बसून मी बालाघाटच्या नव्या कचेरीत पोचले. पहिल्याच दिवशी उशिरा. साहेबांनी कारण विचारलं. उशिराच्या हजेरीचा नियम मी तत्काळ, न चुकता म्हणून दाखवला.