तीनथरीचा कोपरा

जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत चांदभाईंची भट्टी होती. पाव, बटर, खारी हे सगळं चांदभाईंचं. पण दुपार झाली, गिऱ्हाईक ओसरलं आणि भट्टी उतरणीला लागली की ती त्यांच्या बायकोची, रहिमाबीची व्हायची. पाव फुगायला जिवंत आच लागते, नाजूक जिनसांना मेलेली आच लागते, असं रहिमाबी म्हणायची. तिचे वडील खडकीला एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. त्यांच्या हाताखाली लहानपणी ती एक गोड जिन्नस शिकली होती. साहेबाच्या घरी त्याला काय म्हणत ते तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती आपली 'तीनथरी' म्हणायची.

खाली नानकटाईचा चुरा लोण्यात मळून दाबून बसवायचा. त्यावर म्हशीच्या दह्याचा रात्रभर टांगलेला चक्का, पिठीसाखर, वेलची आणि दोन अंडी घालून रेशमासारखा फेटलेला. सगळ्यात वर फळ. उन्हाळ्यात आपटाळ्याकडच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन रविवारच्या बाजाराला यायच्या. ती करवंदं साखरेत शिजवून, बिया गाळून, काळाजांभळा थर ओतायचा. मग भट्टीत हात धरून कुराणातलं 'कुल्हुवल्लाह' तीन वेळा म्हणायचं. ते म्हणून होईपर्यंत हाताला सोसलं तर आच बरोबर. पत्रा आत सारायचा, तोंडाला लोखंडी झाकण लावायचं आणि कडेने ओली माती लिंपून टाकायची. दीड तास कुणी झाकणाला हात लावायचा नाही.

ईद आणि दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका आपापलं पीठ-तूप घेऊन नानकटाई भाजायला भट्टीवर यायच्या. दहा घरांचे दहा पत्रे एकदम आत जायचे, मग कुणाचा कुठला कळावा म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी कोपऱ्यातल्या नानकटाईला लवंग टोचायची, कुणी चारोळी, कुणी तांदळाचे दोन दाणे. रहिमाबीच्या घरची खूण म्हणजे तिच्या थोरल्या लेकीचा, झुबेदाचा अंगठा. नानकटाई असो की तीनथरी, पत्रा आत जायच्या आधी झुबेदा उजव्या कोपऱ्यात अंगठा दाबायची. सहा वर्षांची असताना तिने तापलेला पत्रा धरला होता. तेव्हापासून तिच्या अंगठ्यावर भाजल्याची तिरकी रेघ होती. ती रेघसुद्धा खुणेत उमटायची. तो कोपरा खायचा हक्कही तिचाच.

पन्नास सालच्या मे महिन्यात झुबेदा विषमज्वराने गेली. नऊ वर्षांची होती. धाकटी सायराबानू तेव्हा दोन वर्षांची, अजून अंगावर पिणारी. रहिमाबीने त्यानंतर तीनथरी केली नाही.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात सायराने खाणं सोडलं.

ताप नाही, खोकला नाही, पोट दुखत नाही. नुसती तोंड फिरवायची. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, जंतांचं औषध दिलं. रहिमाबी घास मोजायची. सोमवारी चार. मंगळवारी तीन आणि थोडं दूध. निजलेल्या पोरीच्या मनगटाभोवती ती आपलं बोट आणि अंगठा जुळवून बघायची. आधी टेकत होते, मग एकावर एक चढायला लागले. थोरलीच्या वेळीही असंच मोजलं होतं. ते मोजणं कुठे संपतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"काहीतरी गोडधोड कर," चांदभाई म्हणाले. "पोरं गोडाला भुलतात."

म्हणून तिने तीन वर्षांनी तीनथरी केली. कुशाबाई गवळण नदीपलीकडच्या मळ्यातून दही घेऊन यायची. तोंडाची फटकळ, पण दही असं की मडकं उपडं केलं तरी पडायचं नाही.

"चांदभाऊ, कालचा पाव लई दगड व्हता," तिने पायरीवर घमेलं टेकवलं. "म्हशीम्होरं टाकला, तिनंबी त्वांड फिरवलं."

"म्हशीचं वय झालं असंल, कुशाबाई. मालकिणीवानी दात पडले असतील."

"माझं दात मोजू नगा, तुमच्या पोरीच्या बरगड्या मोजा," कुशाबाई म्हणाली आणि तिने जीभ चावली. सायरा दाराशी उभी होती.

त्या दुपारी रहिमाबीने झाकण काढलं. करवंदाचा थर आरशासारखा चकचकत होता. फक्त उजव्या कोपऱ्यात एक खळगा पडला होता. जांभळा थर बाजूला सरकून खालचा पांढरा चक्का डोळ्यासारखा वर बघत होता. चक्क्यावर एक तिरकी रेघ होती.

बुडबुडा फुटला असेल, तिने स्वतःला सांगितलं. मधली वडी कापून फुंकर घालून सायराच्या तोंडाशी नेली.

"आधी तिला दे," सायरा म्हणाली.

"कुणाला गं?"

सायराने भट्टीच्या तोंडाकडे बोट केलं.

रहिमाबीने वडी परत पत्र्यात ठेवली. जे विचारू नये तेच तिच्या तोंडून गेलं. "तिला... चटके बसतात का?"

"नाही. ती म्हणते आत ऊब आहे, बरं वाटतं." सायराने भट्टीकडे पाऊल टाकलं. "अम्मी, मी जाऊ का आत?"

त्या दिवसापासून रहिमाबीने सायराच्या परकराचं टोक आपल्या पदराला गाठ मारून बांधलं. पाणी भरायला, दळायला, निजायला, गाठ सुटत नव्हती. गल्लीतल्या बायका हसल्या. "रहिमाबी, शेळी पाळलीस का?" तिने ऐकून घेतलं. सायराला ती रोज विचारायची, आपाबद्दल, मोठ्या बहिणीबद्दल, तुला कुणी सांगितलं? सायरा भट्टीकडे बघायची. घरात झुबेदाचं नाव कुणी काढत नसे.

चार दिवसांनी तिने पुन्हा तीनथरी केली. खात्री करायची होती. सायराला कडेवर घेऊन तिने एका हाताने पत्रा सजवला. चारही कोपरे उजेडात धरून बघितले. कोपरा सपाट होता. आपल्या हाताने आत सारला, आपल्या हाताने माती लिंपली आणि झाकणासमोर बसून राहिली. बाहेर टळटळीत ऊन. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. चांदभाई दुकानात फळीवर आडवे झाले होते. मग आतून आवाज आला. टिक्. टिक् टिक्. झुबेदाला वाट बघवायची नाही, तेव्हा ती रिकाम्या पत्र्यावर नखाने असंच वाजवायची. गार होताना पत्रा वाजतो, हे रहिमाबीला वीस वर्षांपासून माहीत होतं. पण तिच्या कडेवरची सायरा हसली.

माती कुठेही तडकली नव्हती. झाकण काढलं तर कोपऱ्यात अंगठा.

"घूस असंल," चांदभाई म्हणाले. पण त्यांनी पत्र्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगळत उभे राहिले.

शुक्रवारी गाठ सुटली. रहिमाबी कणकेचे हात धूत होती, तेवढ्यात पदर हलका लागला. ती धावली. भट्टीचं झाकण बाजूला पडलेलं. सायराचं डोकं, खांदे आत, बाहेर नुसते दोन काटकुळे पाय. सकाळपासून भट्टी पेटवली नव्हती म्हणून वाचली. रहिमाबीने पाय धरून ओढलं. पोरीचे केस काजळीने माखले होते आणि चेहरा इतका शांत होता की रहिमाबी किंचाळली.

पायरीवर दही मोजत असलेली कुशाबाई घमेलं टाकून आत आली. पोरीला मांडीवर घेऊन पदराने तोंड पुसायला लागली. रहिमाबीने मग सगळं सांगितलं: अंगठा, रेघ, टिक् टिक्, सगळं. कुशाबाई पोरीच्या केसांतली काजळी झाडत ऐकत राहिली.

"बरसीला काय करता थोरलीच्या?" तिने शेवटी विचारलं.

"मलिदा. गेलेल्या माणसाची फातिहा मलिद्यावरच देतात आमच्यात."

"पोरगी मलिदा खायची?"

रहिमाबीने नाही म्हणून मान हलवली. झुबेदा मलिदा खात नसे. घशाला चिकटतो म्हणून कुणाच्याही बरसीला मुठीतला मलिदा गुपचूप कोंबड्यांना टाकायची.

"जाताना काय मागत व्हती का? बाये, आठव."

आठवायची गरज नव्हती. तीन वर्षं ती तेच विसरायला बघत होती. विषमज्वरात पोटात घट्ट अन्नाचा कण जाऊ द्यायचा नाही, आतडं फाटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोसंबीचा रस आणि पाणी. सव्वीस दिवस. शेवटच्या दिवसांत झुबेदा एकच मागायची, "अम्मी, तीनथरी." रहिमाबी म्हणायची, "बरी हो, मग करते. कोपरा तुझाच. तुला दिल्याशिवाय कुणाला देणार नाही."

"मी शब्द दिला होता," रहिमाबी म्हणाली.

"मंग ती त्या शब्दाला धरून बसलीय," कुशाबाई म्हणाली. "पोरगी वाईट न्हाई तुमची. पर धाकटीला खेळायला बोलावतीय. लवकर काय ते करा."

चांदभाई अडले. "साहेबाच्या खाण्यावर फातिहा? लोक काय म्हणतील? मौलवी तर उंबरा ओलांडायचे नाहीत."

"मौलवी नकोत, लोकही नकोत. तुम्ही म्हणा. बाप आहात ना तिचे?"

चांदभाईंनी खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "करवंदं मी आणतो."

बरसीला अजून नऊ दिवस होते, पण रहिमाबी थांबली नाही. दुसऱ्या दुपारी तीनथरी भाजून निघाली. अंगठा उमटलेला होता, या वेळी खोल, जवळजवळ तळापर्यंत. तिने स्वच्छ फडकं अंथरलं, ऊद लावला. चांदभाईंनी हात उचलून फातिहा म्हटली. झुबेदाचं नाव घेताना त्यांचा आवाज तीन वर्षांनी पहिल्यांदा फुटला. रहिमाबीने कोपऱ्यातली वडी अख्खी उचलून बशीत ठेवली, बशी लांब दांड्याच्या फावड्यावर ठेवली आणि पार आत, अंधारात सारली. भट्टीच्या तोंडात वाकून ती हलकेच म्हणाली, "घे बाळा. उशीर झाला. पण आता धाकटीला माझ्याकडे राहू दे."

आतून ऊब आली, आजारी पोरीच्या श्वासासारखी. तिने झाकण लावलं, माती लिंपली.

मागे पदर ओढला गेला. "अम्मी, मला?"

सायराने मधली वडी खाल्ली. मग दुसरी. ओठ जांभळे झाले. रहिमाबी घास मोजायला लागली आणि सातानंतर रडू आल्यामुळे तिची मोजणी चुकली.

उरलेल्या वड्या गल्लीतल्या मुलांना वाटल्या. संध्याकाळी झाकण काढलं, तेव्हा बशी होती तिथेच होती. वडीही होती. हात लावला तर ती राखेसारखी ढासळली. ना लोणी, ना साखर, ना कसला वास. रहिमाबीने ती राख आंब्याच्या झाडाखाली पुरली.

सायरा पावसाळ्यापर्यंत अंगाने भरली. भट्टीकडे ती ढुंकून बघेना. आपाबद्दल विचारलं तर म्हणायची, "कोण आपा?"

पुढच्या करवंदांच्या वेळी रहिमाबीने पुन्हा तीनथरी केली. झाकण काढलं. चारही कोपरे सपाट होते, चकचकीत, पूर्ण. जे तिने मागितलं होतं तेच झालं होतं. ती पत्रा मांडीवर घेऊन भट्टीसमोर बसून राहिली. कोपरा गार झाला तरी तिला तो कापवेना.

पुढे रहिमाबी म्हातारी झाली, तीनथरी खायला पार आळे गावाहून लोक यायला लागले. ईदेला, दिवाळीला दहा घरांचे दहा पत्रे अजूनही एकदम आत जायचे, कुणाची लवंग, कुणाची चारोळी. सायरा कितीदा म्हणाली, अम्मी, आपली खूण मी करते. रहिमाबीने कधी तिला कोपऱ्याला बोट लावू दिलं नाही. गल्लीतल्या बायकांना ते पाठ झालं होतं. पत्रे बाहेर आले की ज्याला खूण नाही तो बाजूला काढून ठेवायचा. तो रहिमाबीचा.